छातीच्या फोटोचा रिपोर्ट : ‘ओपॅसिटी’, ‘फायब्रोसिस’, ‘कॉक्स’ म्हणजे नेमकं काय?

हैदराबाद : जामबाग म्हटलं की जुन्या मराठी माणसाला फुलांचा बाजार आणि विवेकवर्धिनीची शाळा आठवते. नांदेड, देगलूर, उदगीर, बिदर, आदिलाबादकडून येणाऱ्या पेशंटला मात्र हा भाग वेगळ्या कारणाने माहीत असतो. मोअज्जमजाही मार्केटपासून कोठीपर्यंतच्या या पट्ट्यात औषधांची दुकानं आणि तपासणी केंद्रं आहेत. उस्मानिया मेडिकल कॉलेज हाकेच्या अंतरावर, आणि उस्मानिया रुग्णालय थोडं पुढे, मुसीच्या काठाला अफझलगंजात. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांच्या सीमा बदलल्या, दवाखान्याची वाट काही बदलली नाही.

या वाटेवर एक अडचण कायमची आहे. छातीचा फोटो काढून होतो, तासाभरात रिपोर्टचा कागद हातात पडतो, तो इंग्रजीत असतो. काउंटरवरचा माणूस तेलुगूत किंवा दखनीत दोन शब्द सांगतो. डॉक्टरची वेळ दुसऱ्या दिवशीची, किंवा गावाकडच्याच डॉक्टरला दाखवायचं ठरलेलं. मग काचीगुड्याहून नांदेडकडच्या रात्रीच्या गाडीत बसून घरातला शिकलेला पोरगा मोबाईलवर एकेक शब्द शोधतो आणि ‘ओपॅसिटी’ शोधता शोधता कॅन्सरपर्यंत जाऊन पोचतो.

यातून दोन प्रकारचं नुकसान होतं. वीस वर्षांपूर्वी भरून आलेल्या जखमेचा वण बघून ‘टीबी निघाला’ असं घरात पसरतं, कुठं सोयरीक मोडते, कुठं नको असलेल्या गोळ्या सुरू होतात. दुसरं याच्या उलट. रिपोर्टमध्ये ‘कॅव्हिटी’ असा स्पष्ट शब्द असतो, पण पेशंटला बरं वाटतंय म्हणून कागद पिशवीत राहतो आणि घरातल्या लेकराबाळांना लागण होत राहते.

हा कागद नीट कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. त्यातले बहुतेक शब्द आजाराची नावं नाहीतच. ते फोटोत काय दिसलं त्याचं वर्णन आहे, एवढी एक गोष्ट पक्की धरली की अर्धा गोंधळ संपतो.

काळं आणि पांढरं

क्ष-किरण शरीरातून आरपार जातात तिथं फोटो काळा येतो, अडतात तिथं पांढरा. हवा सगळ्यांत काळी, चरबी करडी, पाणी, रक्त आणि मांस त्याहून उजळ, हाड पांढरं आणि धातू सगळ्यांत पांढरा. निरोगी फुप्फुसात हवा असते, म्हणून ते काळं दिसतं. त्या काळ्यात जिथं पांढरट काही दिसेल त्याला ‘ओपॅसिटी’ किंवा ‘शॅडो’ म्हणतात. आपल्याकडं ‘छातीत डाग आला’ म्हणतात तो हाच. आता हा डाग न्यूमोनियाचा कफ असेल, टीबी असेल, जुना वण असेल, गाठ असेल किंवा सदऱ्याचं बटण असेल. ओपॅसिटी हा शब्द यातलं काहीच ठरवत नाही. उलट, नको तिथं जास्त काळं दिसलं तर ‘ल्युसेन्सी’ किंवा ‘हायपरल्युसंट’ लिहितात.

आणखी एक साधी गोष्ट, जिच्यामुळं घराघरात वाद होतात. फोटो समोर धरला की पेशंटची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. पेशंट आपल्याकडं तोंड करून उभा आहे असं समजून तो बघायचा असतो. फोटोवर ‘आर’ किंवा ‘एल’ अशी खूण असते, ती बघावी.

रिपोर्टच्या सुरुवातीला ‘पीए व्ह्यू’ किंवा ‘एपी व्ह्यू’ लिहिलेलं असतं. पीए म्हणजे पेशंट उभा, किरण पाठीकडून छातीकडं. हा चांगला फोटो. झोपलेल्या, अत्यवस्थ पेशंटचा खाटेवरच काढतात तो एपी. त्यात हृदय मुळापेक्षा मोठं दिसतं. म्हणून एपी फोटोवर ‘कार्डिओमेगॅली’, म्हणजे हृदय वाढलंय, असं लिहिलेलं असेल तर लगेच घाबरू नये. पीए फोटोत हृदयाची रुंदी छातीच्या आतल्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त भरली तर हृदय मोठं समजतात. रिपोर्टमध्ये ‘सीटी रेशो’ असं येतं ते हेच प्रमाण, त्याचा सीटी स्कॅनशी काही संबंध नाही. हृदय खरंच वाढलंय का आणि कशानं, हे टू-डी इकोमध्ये कळतं.

‘पुअर इन्स्पिरेटरी एफर्ट’ म्हणजे पेशंटनं श्वास नीट भरून धरला नाही. ‘रोटेटेड’ म्हणजे तो तिरका उभा होता. या दोन्हींमुळं चांगला फोटोही खराब दिसू शकतो. तंत्रज्ञ तेलुगूत ‘ऊपिरि पील्चंडि’ म्हणाला तर श्वास आत घ्यायचा आहे. न कळताच मान हलवली की पुढं सगळा घोळ होतो.

सगळं ठीक असेल तेव्हाचे शब्द

‘बोथ लंग फील्ड्स क्लिअर’, ‘सीपी अँगल्स फ्री’, ‘ट्रेकिया सेंट्रल’, ‘बोनी थोरॅक्स नॉर्मल’, ‘एनएडी’. फुप्फुसं स्वच्छ आहेत, खालच्या कोपऱ्यांत पाणी नाही, श्वासनळी मधोमध आहे, फासळ्या ठीक आहेत, खराबी आढळली नाही, असा याचा क्रमानं अर्थ. वय झालेल्यांच्या रिपोर्टात ‘अनफोल्डेड एओर्टा’, ‘एओर्टिक नकल कॅल्सिफिकेशन’, ‘डीजनरेटिव्ह चेंजेस इन स्पाइन’ येतं. धमनी वयानं लांबली, तिच्यात चुना साठला, मणके झिजले, एवढंच. बीपी तपासून घ्यावं, रात्रभर जागू नये. ‘सर्व्हायकल रिब’ किंवा ‘अझायगॉस लोब’ हे जन्मतः असलेले फरक आहेत. लहान लेकराच्या फोटोत छातीच्या वरच्या भागात पांढरी सावली दिसते, ती बहुतेक वेळा थायमस ग्रंथीची असते आणि वयानुसार बारीक होत जाते.

आता घबराट माजवणारा सगळ्यांत नेहमीचा शब्द : ‘प्रॉमिनंट ब्राँकोव्हॅस्क्युलर मार्किंग्ज’, काही ठिकाणी नुसतंच ‘बीव्हीएम’. श्वासनळ्यांच्या आणि रक्तवाहिन्यांच्या रेघा जरा ठळक दिसतात, इतकाच त्याचा अर्थ. सर्दी-खोकला, विडी-सिगारेट, चुलीचा धूर, धूळ, जाड शरीर, अर्धवट भरलेला श्वास, यातल्या कशानंही असं दिसतं. हा आजार नाही आणि एकट्या या ओळीवरून महिनाभर अँटिबायोटिक खायचं काही कारण नाही. खरं तर हा शब्द इतक्या सहजपणे टाकला जातो की बऱ्याच डॉक्टरांची नजर त्यावरून पुढं सरकते. पेशंटची नजर मात्र तिथंच अडकते.

‘पाणी झालंय’ म्हणजे नक्की कुठं?

मराठवाड्यात ‘फुप्फुसात पाणी झालं’ म्हणतात. तेलुगूत ‘नेम्मु’ म्हणतात, म्हणजे ओल. हैदराबादच्या दवाखान्यात आया-नर्सच्या तोंडी हा शब्द सारखा येतो. दोन्ही भाषांमधली अडचण एकच : तीन वेगळ्या आजारांना एकच शब्द. रिपोर्टात मात्र ते तीन वेगळे असतात आणि त्यांचे उपचारही वेगळे असतात.

पहिलं ‘प्ल्यूरल इफ्यूजन’. हे पाणी फुप्फुसात नसतं, त्याच्या बाहेर, फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामधल्या पडद्यांत साठतं. थोडं असेल तर ‘ब्लंटिंग ऑफ सीपी अँगल’ लिहितात, म्हणजे खालचा टोकदार कोपरा बोथट झाला. आपल्याकडं याचं मोठं कारण टीबी, पण न्यूमोनिया, हृदय, किडनी, लिव्हर आणि कॅन्सर यांमुळंही हे होतं. म्हणून डॉक्टर सुईनं थोडं पाणी काढून तपासायला पाठवतात. ‘पाणी काढलं की माणूस खचतो’ हा समज चुकीचा आहे. न काढता कारण कळत नाही. जुन्या इफ्यूजननंतर तो कोपरा कायमचा बोथट राहू शकतो, तेव्हा पूर्वी कधी पाणी झालं होतं का हे डॉक्टरला सांगणं गरजेचं.

दुसरं ‘पल्मनरी इडिमा’. हृदय किंवा किडनी कमी पडल्यानं खुद्द फुप्फुसातच पाणी झिरपतं. यात रात्री आडवं पडलं की दम कोंडतो, माणूस उठून बसतो. हे तातडीचं असतं.

तिसरं ‘कन्सॉलिडेशन’. हवेच्या फुग्यांमध्ये हवेऐवजी पू, कफ किंवा स्राव भरून तो भाग घट्ट झालेला. ‘पॅच’ असंही म्हणतात. ताप, खोकला आणि थोड्या दिवसांतला आजार असेल तर बहुधा न्यूमोनिया. इथं एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. औषधानं माणूस आठवड्यात बरा होतो, पण फोटोतला डाग विरायला कधी कधी सहा आठवडे लागतात. त्यामुळं चौथ्या दिवशी पुन्हा फोटो काढून ‘डाग तसाच आहे’ म्हणून दवाखाना बदलण्यात अर्थ नसतो. दीड-दोन महिन्यांनीही डाग जागचा हलला नाही, आणि पेशंट विडी-सिगारेट ओढणारा असेल, तर मात्र सीटी करून आत गाठ नाही ना हे बघावंच लागतं.

‘कोलॅप्स’ किंवा ‘अॅटेलेक्टॅसिस’ हा याच्या शेजारचा शब्द : फुप्फुसाचा एखादा भाग हवा निघून गेल्यानं मिटला. वर ‘प्लेट-लाइक’ लिहिलं असेल तर पातळ पट्टीएवढाच भाग, ऑपरेशननंतर किंवा बरेच दिवस झोपून राहिल्यावर दिसणारा. अख्खा लोब मिटला असेल तर नळीत कफाचा गोळा, लहान मुलांत शेंगदाणा किंवा चिंचोका, मोठ्यांत गाठ, यातलं काय अडकलं ते शोधतात.

कॉक्स, कॅव्हिटी आणि जुने वण

रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञानं २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. त्याच्या नावावरून ‘कॉक्स’ हा शब्द आला आणि भारतातल्या रिपोर्टांत तो टिकून राहिला, कारण टीबी हा शब्द सरळ लिहायला सगळेच बिचकतात. ‘पल्मनरी कॉक्स’ म्हणजे फुप्फुसाचा क्षय. गंमत अशी की क्षय हा शब्द मराठी, तेलुगू आणि कन्नड या तिन्ही भाषांत सारखाच आहे. सीमेच्या कोणत्याही बाजूला तो समजतो, म्हणून लपवायलाही तोच पहिला.

कॉक्सच्या आजूबाजूला काय लिहिलंय ते बघणं महत्त्वाचं. आधी प्रश्नचिन्ह असेल तर तो अंदाज आहे. ‘सजेस्टिव्ह ऑफ’ किंवा ‘एस/ओ’ म्हणजे त्याकडं बोट जातं. ‘कन्सिस्टंट विथ’ म्हणजे चित्र त्याच्याशी जुळतं. ‘कॅनॉट बी रूल्ड आउट’ म्हणजे नाकारता येत नाही, जे सगळ्यांत कच्चं. आणि ‘सीक्वेली ऑफ ओल्ड कॉक्स’ म्हणजे पूर्वी होऊन गेलेल्या आजाराच्या मागं राहिलेल्या खुणा. या शेवटच्या दोन-तीन शब्दांकडं दुर्लक्ष करून फक्त ‘कॉक्स’ वाचला गेल्यानं किती घरांत रडारड होते ते तपासणी केंद्रात काम करणाऱ्यांना विचारावं.

जुन्या खुणांचे शब्द असे : ‘फायब्रोसिस’ किंवा ‘फायब्रॉटिक स्ट्रँड्स’ (वणाचे दोरे), ‘कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा’ (चुना धरलेली बारीक गाठ), ‘एपिकल प्ल्यूरल थिकनिंग’ (वरच्या टोकाला पडदा जाड), ‘व्हॉल्यूम लॉस’ (वणामुळं तो भाग आखडला). पायाला लागल्यावर खपली पडून वण राहतो तसं हे. चुना धरलेल्या गाठीला सहसा कसलंच औषध लागत नाही. अनेकांना आपल्याला कधी लागण झाली होती हे ठाऊकही नसतं.

आजार चालू असण्याकडं झुकणारे शब्द वेगळे. ‘कॅव्हिटी’ म्हणजे फुप्फुसात पडलेली पोकळी. वरच्या भागात, जाड भिंतीची कॅव्हिटी आणि सोबत खोकला, ताप, वजन घटणं असेल तर थुंकीतून जंतू बाहेर पडत असण्याची शक्यता मोठी, तेव्हा तपासणीला एक दिवसही लावू नये. सीटीमध्ये ‘ट्री-इन-बड’, म्हणजे कळ्या आलेल्या डहाळीसारखं चित्र, हे बारीक नळ्यांत संसर्ग पसरल्याचं लक्षण. ते बऱ्याचदा टीबीत दिसतं, पण फक्त टीबीतच नाही. ‘मिलियरी’ म्हणजे बाजरीच्या दाण्याएवढे ठिपके दोन्हीकडं विखुरलेले. यात टीबी रक्तातून पसरलेला असू शकतो आणि हा आजार गंभीर. शुगरच्या पेशंटमध्ये टीबी नेहमीची वरची जागा सोडून खालच्या भागातही दिसतो आणि न्यूमोनिया समजून वेळ जातो. म्हणून शुगर असेल तर ते फोटो काढतानाच सांगावं.

नवं की जुनं हे एकट्या फोटोवरून दरवेळी ठरत नाही. ते दोन गोष्टींनी ठरतं. पहिली, जुना फोटो. सहा महिन्यांपूर्वीच्या आणि आजच्या फोटोत वण तसाच असेल तर तो बहुधा निवलेला. दुसरी, बेडक्याची तपासणी. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या यंत्रांवर काही तासांत जंतू आहे का आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध त्याला लागू पडेल का, दोन्ही कळतं. ट्रूनॅट हे गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं, आपल्या देशात बनलेलं यंत्र. सरकारी केंद्रात या तपासण्या फुकट होतात, पेशंट महाराष्ट्राचा, तेलंगणाचा की कर्नाटकाचा हे आड येत नाही.

फक्त नमुना बरोबर द्यावा लागतो. थुंकी आणि बेडका यांत फरक आहे. सकाळी उठल्यावर चूळ भरून, दोन-तीन खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढलेला घट्ट बेडका हवा. तेलुगूत त्याला ‘तेमड’ म्हणतात, दखनीत ‘बलगम’. तोंडातली लाळ डबीत भरून दिली तर आजार असूनही ‘निगेटिव्ह’ येऊ शकतं. तो खोकताना घराबाहेर, मोकळ्या हवेत, इतरांपासून लांब काढावा.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बेडक्यात जंतू सापडला नाही म्हणजे टीबी नाहीच, असंही नसतं. लहान मुलं, पडद्यातलं पाणी, गाठींचा टीबी यांत जंतू हाती लागणं अवघड. अशा वेळी लक्षणं, फोटो आणि बाकीच्या तपासण्या मिळून डॉक्टर उपचार सुरू करतात आणि ते योग्यच असतं. ‘मग जंतू सापडला का?’ हे विचारायचा हक्क पेशंटला आहे. आपल्या मनानं गोळ्या थांबवणं मात्र धोक्याचं, कारण अर्धवट उपचारानं जंतू औषधांना दाद देईनासा होतो. साध्या टीबीचा कोर्स सहसा सहा महिन्यांचा : दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन.

हैदराबादला निदान झालं आणि उपचार गावी घ्यायचे असतील तर निक्षय क्रमांक घेऊनच निघावं. देशभर चालणारी ही नोंद आहे आणि पेशंट एका राज्यातून दुसऱ्या राज्यातल्या केंद्राकडं वर्ग करता येतो. देगलूरच्या माणसाला गोळ्यांसाठी दर महिन्याला हैदराबाद गाठायची गरज नाही. पोषण आहारासाठी निक्षय पोषण योजनेत महिन्याला मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले, ते उपचार चालू असेपर्यंत बँक खात्यात येतात. माहितीसाठी निक्षय संपर्कचा फुकट फोन १८००-११-६६६६. हैदराबादचं सरकारी छाती रुग्णालय एर्रागड्ड्याला आहे. कोठीजवळच्या उस्मानिया मेडिकल कॉलेज मेट्रो स्टेशनवरून मियापूरकडं जाणारी गाडी धरली की बदल न करता एर्रागड्डा स्टेशन येतं.

सीटीचा रिपोर्ट

साध्या फोटोत सगळं एकावर एक दिसतं. सीटी स्कॅनमध्ये छातीच्या पातळ चकत्या दिसतात. ‘एचआरसीटी’ हा फुप्फुसाची बारीक रचना बघण्यासाठी, बिनइंजेक्शनचा. गाठी आणि रक्तवाहिन्या बघायच्या असतील तर शिरेतून औषध देऊन ‘कॉन्ट्रास्ट सीटी’ करतात, त्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात. किडनीचा त्रास किंवा पूर्वी अशा औषधाची अॅलर्जी आली असेल तर आधीच सांगणं आवश्यक.

कोरोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, एचआरसीटी हा शब्द खेड्यापाड्यांत पोचला आणि ‘स्कोअर किती?’ हा प्रश्न तब्येतीच्या आधी विचारला जाऊ लागला. फुप्फुसाचे उजवीकडं तीन आणि डावीकडं दोन असे पाच लोब. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. म्हणून २५ पैकी. किती भाग व्यापला एवढंच त्यातून कळायचं. पेशंटचा ऑक्सिजन किती हे त्यात नव्हतं. ‘कोरॅड्स’चा आकडा तर निराळाच, तो कोरोना असण्याची शंका किती हे सांगायचा, आजार किती जोरात आहे हे नाही. ‘कोरॅड्स ५’ म्हणजे शेवटची पायरी समजून अनेकांनी धीर सोडला. तेव्हाचे ते कागद आजही फायलींत आहेत आणि नव्या डॉक्टरला दाखवले जातात. दाखवावेतच, कारण ‘ग्राउंड ग्लास’ (धूसर काचेसारखा भाग) आणि त्यानंतर राहिलेले दोरे तेव्हापासूनचे आहेत की नवे, हे त्यावरूनच ठरतं.

सीटीत बारीकसारीक सगळंच दिसतं, म्हणून रिपोर्ट लांबतो आणि भीतीही वाढते. ‘सबसेंटिमेट्रिक लिम्फ नोड्स’ म्हणजे एक सेंटिमीटरहून लहान गाठी. छातीच्या मध्यभागात दहा मिलिमीटरपर्यंत रुंदीच्या गाठी सर्वसाधारणपणे नेहमीच्या मानतात. ‘नोड्यूल’ म्हणजे तीन सेंटिमीटरपर्यंतचा गोल ठिपका, त्याहून मोठा झाला की ‘मास’. सहा मिलिमीटरहून लहान घट्ट नोड्यूल, ज्याला कॅन्सरचा विशेष धोका नाही अशा माणसात, बहुधा निरुपद्रवी असतो. आपल्या भागात तर असे ठिपके बरेचदा जुन्या टीबीचेच असतात. ‘स्पिक्युलेटेड मार्जिन’, म्हणजे काटेरी कडा, मोठा आकार, आधीच्या सीटीपेक्षा वाढ, आणि वर्षानुवर्षांची सिगारेट-विडी : हे एकत्र आलं की मात्र चालढकल नको. मग बायोप्सीचा सल्ला येतो. सुई लावल्यानं गाठ पसरते या भीतीनं लोक ती टाळतात आणि त्यात महिने जातात. टाळण्याचा धोका त्या भीतीपेक्षा फार मोठा आहे.

‘ब्राँकिएक्टॅसिस’ म्हणजे श्वासनळ्या कायमच्या रुंदावून त्यात कफ साचणं, टीबी बरा झाल्यावर अनेकांच्या नशिबी येतं. रोज कफ पडतो, मधूनच रक्त पडतं, आणि दरवेळी ‘टीबी उलटला’ म्हणून पुन्हा तोच कोर्स सुरू होतो. बेडका तपासल्याशिवाय तसं करू नये. ‘एम्फिसिमा’ म्हणजे हवेचे फुगे फाटून फुप्फुस ढिलं पडणं : विडी ओढणाऱ्यांत, आणि जन्मभर चुलीपुढं बसलेल्या, एकही विडी न ओढलेल्या बायांतही दमाची तक्रार याच वाटेनं येते. ‘हनीकोंबिंग’, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्या, हे फुप्फुस कायमचं कडक झाल्याचं चित्र, त्यासाठी छातीच्या तज्ज्ञाकडंच जावं.

असे रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरला पेशंट काय काम करतो हे सहसा माहीत नसतं, आणि निम्मं उत्तर तिथंच असतं. दगडाच्या खाणीत, खडी केंद्रावर काम केलं असेल तर सिलिकोसिसचे ठिपके टीबीसारखे दिसतात, शिवाय अशा माणसाला टीबी होण्याचा धोकाही जास्त. साखर कारखान्यात बुरशी धरलेल्या जुन्या बगॅसमध्ये काम करणाऱ्यांना ‘बगॅसोसिस’ होतो. फॉर्मवर ‘मजूर’ एवढंच लिहून देऊ नये. कशाची मजुरी आणि किती वर्षं, ते सांगावं.

त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे शब्द

‘न्यूमोथोरॅक्स’ म्हणजे फुप्फुस फुटून हवा बाहेर, छातीच्या पोकळीत साठली. सोबत ‘टेन्शन’ हा शब्द असेल तर मिनिटांचा खेळ. त्या टेन्शनचा मनाच्या ताणाशी संबंध नाही. ‘मेडियास्टायनल शिफ्ट’ सोबत ‘मॅसिव्ह इफ्यूजन’, ‘पल्मनरी एम्बॉलिझम’ (फुप्फुसाच्या धमनीत रक्ताची गाठ), ‘एओर्टिक डिसेक्शन’ (महाधमनीची भिंत चिरणं), आणि ‘फ्री गॅस अंडर डायफ्रॅम’ (जठर किंवा आतडं फुटल्याची खूण). यातलं काही लिहिलेलं असेल तर गाडी पकडायची नाही, कॅज्युअल्टी गाठायची. कागदावर काहीही असो, बोलताना धाप लागत असेल, ओठ निळे पडत असतील किंवा खोकल्यातून वाटीभर रक्त पडलं असेल तरी तेच.

‘क्लिनिकल कोरिलेशन’ आणि कागदामागचा कागद

जवळजवळ प्रत्येक रिपोर्टच्या शेवटी ‘प्लीज कोरिलेट क्लिनिकली’ असतं. लोक त्याला हात झटकणं समजतात. कधी कधी ते तसं असतंही. पण फोटो वाचणाऱ्या डॉक्टरनं बहुतेक वेळा पेशंट पाहिलेलाच नसतो. पेशंटला ताप आहे का, किती दिवसांचा, वजन किती उतरलं, हे त्याला ठाऊक नसतं. चिठ्ठीवर ‘चेस्ट एक्स-रे’ एवढंच लिहून आलेलं असतं. ‘दोन महिने खोकला, १० वर्षांपूर्वी टीबीचा कोर्स झाला’ अशी एक ओळ चिठ्ठीवर लिहून मागितली तर रिपोर्ट हमखास सुधारतो.

निजामाच्या काळात उस्मानिया विद्यापीठाचं शिक्षण उर्दूतून चालायचं, वैद्यकीय शिक्षणसुद्धा. १९१७ मध्ये त्यासाठी भाषांतराचं स्वतंत्र खातं निघालं आणि त्यानं शास्त्राचे हजारो शब्द उर्दूत घडवले. १९४८ नंतर इंग्रजी आली. मराठीतही क्ष-किरण, फुप्फुसावरण, तंतुमयता असे शब्द तयार आहेत, पण ते कोशातच राहिले. जामबागच्या तपासणी केंद्रात काय किंवा नांदेडच्या, रिपोर्ट इंग्रजीतच मिळणार हे धरून चालावं लागतं.

म्हणून कागदासोबत फोटोची फिल्म किंवा सीडीही मागून घ्यावी. ती पेशंटच्या मालकीची असते. ट्यूबलाइटपुढं धरून मोबाईलवर काढलेल्या फोटोत बारीक ठिपके बुजतात आणि नसलेली सावली उमटते, त्यावरून व्हॉट्सअॅपवर निदान मागू नये. प्रत्येक फिल्मवर तारीख दिसते का ते तिथंच बघावं, कारण तारखेशिवाय जुनं-नवं लावता येत नाही. किरणांच्या भीतीनं फोटो टाळायचं कारण नाही : छातीचा एक फोटो म्हणजे निसर्गातून दहा-पंधरा दिवसांत अंगावर पडतात तेवढेच किरण. सीटीचे मात्र दोन-तीन वर्षांएवढे, म्हणून तो ‘एकदा करूनच टाकू’ म्हणून करण्यासारखा नाही. दिवस गेलेले असतील किंवा तशी शंका असेल तर आत जाण्याआधी सांगावं. आणि टीबी होऊन गेलेल्या माणसानं कोर्स संपतानाचा शेवटचा फोटो जन्मभर जपून ठेवावा, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला तरी चालेल. दहा वर्षांनी कुणी वणाला नवा आजार म्हणालं तर डॉक्टरपुढं ठेवायला हीच फिल्म लागते.